संगणक तासिकेत मुलांकडून काय घडवून घ्यावं? (सहावी ते आठवी, ६ संगणक, ३ फोन)

कादवाकाठ यांचा प्रश्न

निफाड तालुक्यातली शाळा, सहावी ते आठवी मिळून ३६ मुलं. चालू असलेले संगणक सहा: पाच विंडोज १० वाले (४ जीबी रॅम), एक फार जुना (२ जीबी). वापरायला ३ अँड्रॉइड फोन मिळतात, प्रोजेक्टर आहे. इंटरनेट म्हणजे फोनचा हॉटस्पॉट, तोही वर्गाच्या एकाच कोपऱ्यात. आठवड्याला ३५ मिनिटांच्या दोन तासिका, शनिवारी सकाळी ७० मिनिटांची जोडतासिका.

आतापर्यंत पेंट, वर्ड, पॉवरपॉइंट या क्रमाने शिकवलं जातं. मुलं मेनूची नावं पाठ सांगतात, पण जतन केलेली फाइल दुसऱ्या दिवशी सापडत नाही. घरच्या फोनवर तीच मुलं सराईत आहेत. पण आलेला व्हिडिओ खरा कशावरून, असं विचारलं तर ‘सगळ्यांनी पाठवलाय’ हेच उत्तर येतं. सायबर सुरक्षेवर बोललं की ऐकून घेतात आणि संध्याकाळी कोणतंही ॲप मागेल ती परवानगी देतात.

म्हणून यंदा उलट बाजूने जायचं ठरवलं आहे. आधी मुलांनी चित्रफीत, खेळ, बातमीपत्र, तक्ता असं काहीतरी स्वतः करायचं आणि त्यातून हे सगळं उलगडायचं. एवढ्या साधनांत नेमकं काय जमेल? कुठे अडतं? एक उपक्रम किती तासिकांचा धरावा? ‘मुलांना करू द्या, ती शिकतील’ एवढंच नको. मापं, आकडे, चुका सांगितल्यात तर फार उपयोग होईल.

---

रीळ आणि भिंग

ताई, सुरुवात स्टॉप मोशनने करा, म्हणजे वस्तू थोडी थोडी सरकवत एकेक फोटो काढायचा आणि ते फोटो जोडून फीत करायची. इंटरनेट लागत नाही, एका फोनवर चार-पाच मुलं कामाला लागतात, आणि ‘व्हिडिओ म्हणजे कुणीतरी ओळीने लावलेले फोटो’ ही गोष्ट मुलांच्या हातालाच कळते. नाशिककरांना याचा धागाही घरचाच आहे. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. १९१३चा त्यांचा मूकपट येण्याआधी त्यांनी कुंडीत मटार लावून रोप वाढताना एकेक चौकट टिपली होती. पहिल्या तासाला ही गोष्ट सांगा आणि लगेच कामाला लावा.

स्टँड विकत घेऊ नका. जमिनीवर विटांच्या दोन चळती रचा, प्रत्येकी पाच विटा आडव्या एकावर एक, म्हणजे साधारण ३५ ते ३७ सेंटिमीटर उंची होते. दोन चळतींमध्ये ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा आणि वर दोन फुटी लाकडी पट्टी टाका. फोन पट्टीवर पडदा वर, भिंग खाली आणि कडेबाहेर येईल असा ठेवून रबरबँडने घट्ट बांधा. एवढ्या उंचीवरून ए-४ कागद कडेला थोडी जागा सोडून चौकटीत बसतो. कागद चारही कोपऱ्यांना चिकटवा. कागद सरकला की अख्खं गाव सरकल्यासारखं दिसतं.

सेकंदाला १२ फोटो धरा. २० सेकंदांची फीत म्हणजे २४० फोटो. ७० मिनिटांत सराव नसलेल्या गटाचे १०० ते १२० होतात, म्हणून पहिली फीत १० सेकंदांचीच ठेवा. वस्तू प्रत्येक फोटोला अर्धा सेंटिमीटर सरकवली तर सेकंदाला ६ सेंटिमीटर जाते, म्हणजे पाच सेकंदांत ए-४ची लांबी पार. हे गणित आधी पाटीवर मांडा. नाहीतर मुलं बोटभर सरकवतात आणि फीत दोन सेकंदांत संपते.

गटात चार कामं वाटा: फोटो काढणारा, वस्तू हलवणारा, वहीत आकडा मांडणारा आणि सावली सांभाळणारा. चौथ्याला कमी लेखू नका, निम्म्या फिती सावलीनेच बिघडतात. दर ३० फोटोंनी कामं बदला.

काय बिघडतं ते सांगतो. पहिली गोष्ट उजेडाचं फडफडणं. फोन प्रत्येक फोटोला उजेड नव्याने मोजतो. हात आत आला की एक फोटो उजळ, पुढचा काळपट. पडद्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनांत कुलपाचं चिन्ह येतं; ते आल्यावरच सुरुवात. खिडकीचा उजेड ढगांबरोबर बदलतो, म्हणून पडदा ओढा आणि बाजूने एकच दिवा लावा. चित्रावर आडवे पट्टे दिसले तर दोष दिव्याचा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. फोनमध्ये ‘प्रो’ प्रकार असेल तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, पट्टे जातात.

दुसरी गोष्ट, बटण दाबताना फोन हलणं. तारेचा इअरफोन लावा; त्याचं आवाज वाढवायचं बटण बहुतेक कॅमेरा ॲपमध्ये फोटो काढतं. नाहीतर दोन सेकंदांचा टायमर आहेच.

तिसरी, जागा. पूर्ण आकाराचा फोटो ३-४ एमबीचा असतो. २४० फोटो म्हणजे जवळजवळ एक जीबी आणि फोन मध्येच ‘जागा नाही’ म्हणतो. आकार १९२०×१०८० करा, प्रोजेक्टरला तेवढा पुरतो. फोटो संगणकावर केबलनेच न्या. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवले की दबतात, नावं बदलतात आणि क्रम विस्कटतो. जतन केलेली फाइल मुलांना सापडत नाही म्हणालात ना, तिचा धडा इथे मिळतो. १२० फोटो योग्य फोल्डरमध्ये क्रमाने नसतील तर त्यांची मासोळी उलटी पोहते, आणि मग ती स्वतःच फोल्डर नीट लावतात.

आता यातला खरा गाभा. फीत झाली की तिच्यातले तेच १२ फोटो तीन गटांना द्या आणि क्रम बदलून, काही वगळून तीन वेगळ्या गोष्टी करायला सांगा. पुढच्या शनिवारी एका मुलाचं मैदानाबद्दलचं दोन मिनिटांचं बोलणं टिपा. एका गटाने त्यातून ३० सेकंद असे कापायचे की तो मैदानाची तारीफ करतोय असं वाटावं, दुसऱ्याने असे की तक्रार करतोय. एकही शब्द बाहेरून आणायचा नाही. दोन्ही तुकडे लागोपाठ दाखवा आणि मग मूळ. बोलणाऱ्याची संमती आधी घ्या, कापलेले तुकडे आधी त्यालाच दाखवा आणि तासिका संपायच्या आत वर्गासमोर पुसून टाका. पुढाऱ्याचं किंवा गावातल्या कुणाचं बोलणं यासाठी कधीही घेऊ नका.

सगळं मिळून चार शनिवार धरा.

---

अंगणमाहिती

वरचं पटलं. तरी मला टायपिंग आधी हवं असं वाटतं. मराठी लिहिता येत नसेल तर मूल शोध घेणार कसा आणि शीर्षक लिहिणार कसं? इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये आधीपासून असतो. भाषा म्हणून मराठी जोडली की झालं. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे दोन आठवड्यांत बोटं बसतात. रोज दहा मिनिटं पुरे. जुन्या टंकांतला मजकूर मात्र वर्गात आणू नका. तो युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची एकच संकेतपद्धत) नसतो, दुसऱ्या संगणकावर उघडला की चिन्हांचा कचरा दिसतो आणि शोधताही येत नाही.

---

रीळ आणि भिंग

टायपिंग हवंच, पण आधी नको, सोबत. शीर्षकाची गरज पडली की मूल दहा मिनिटांत ‘मासोळी’ लिहायला शिकतं. नुसता सराव दिला तर महिनाभर ‘कमल नमन कर’ चालतं.

यावरून आठवलं: फोनवरच्या काही व्हिडिओ ॲपमध्ये देवनागरी मोडते, वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, जोडाक्षरं सुटी होतात. शीर्षक लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्ये (पॉवरपॉइंटसारखा मोफत प्रोग्रॅम) तयार करून पीएनजी चित्र म्हणून काढा आणि ते चित्र फितीत घाला. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यातला ऱ्या नीट आला आहे ना हे मुलांना मोठ्या पडद्यावर तपासायला लावा.

---

ठोकळाजोड

संगणकांवर स्क्रॅच घ्या, म्हणजे सूचनांचे ठोकळे जोडून खेळ तयार करायचा प्रोग्रॅम. एमआयटी मीडिया लॅबचं आहे, २००७ पासून मोफत मिळतं. पाच विंडोज १० संगणकांवर ऑफलाइन आवृत्ती चालेल. एकदा पेनड्राइव्हवर उतरवून पाचही ठिकाणी टाका. २ जीबीवाल्या संगणकाला यातून मोकळा ठेवा, तो ध्वनी आणि मजकुरासाठी वापरा. एका संगणकावर दोनच मुलं: एक माउस धरणार, दुसरा सांगणार, दर १० मिनिटांनी अदलाबदल. म्हणजे एका वेळी दहाच मुलं स्क्रॅचवर, बाकीची फोनवर किंवा कागदावर. वर्ग असा चार भागांत फिरवला तरच ३६ मुलांचं जमेल.

खेळ घंटागाडीचा करा. वरून कचरा पडतो, खाली ओल्याचा आणि सुक्याचा असे दोन डबे, बाणाच्या कळांनी गाडी सरकवून योग्य डब्यात झेलायचं. पडद्याचा आकार ४८०×३६०; मध्यबिंदू शून्य, एक्स −२४० ते २४०, वाय −१८० ते १८०. जागा सांगणारे हे आकडे म्हणजेच निर्देशांक, इथे ते कामाला लागतात.

तीन चुका हमखास होतात आणि तिन्ही मुलांनाच शोधू द्या. वरून पडणारी फळाची साल डब्याला लागली की गुण १ ऐवजी १५-२० ने वाढतात. कारण ‘सतत’चा ठोकळा सेकंदाला सुमारे ३० वेळा तपासतो आणि साल डब्याला चिकटलेली असेपर्यंत प्रत्येक वेळी गुण देतो. गुण वाढवल्याबरोबर साल पुन्हा वर पाठवली की दुरुस्त. दुसरी चूक, झेलायची राहिलेली वस्तू तळाशी अडकून बसते. ‘वाय −१८० पेक्षा कमी झाला तर’ अशी अट घातलेली असते, पण स्क्रॅच चित्राला पडद्याबाहेर पूर्ण जाऊ देत नाही. लहान चित्र −१८०च्या खाली पोचतच नाही. −१७० लिहा. तिसरी, दुसऱ्यांदा खेळताना जुने गुण तसेच. हिरव्या झेंड्याखाली ‘गुण ० करा’ राहून गेलेलं असतं.

इथपर्यंत चार तासिका. पुढच्या दोन तासिका मी सर्वांत महत्त्वाच्या मानतो. मुलांना ‘खेळलेले सेकंद’ आणि ‘चुका’ असे दोन चल (आकडा साठवायचे कप्पे) करायला लावा, आणि ते पडद्यावरून लपवा. चलाच्या नावापुढची खूण काढली की तो दिसत नाही पण मोजत राहतो. दुसऱ्या जोडीला खेळायला बसवा. खेळून झाल्यावर खुणा परत लावा. ‘तू १४० सेकंद खेळलास आणि प्लॅस्टिकला सात वेळा चुकलास’ हे समोर आलं की ॲप आपल्याबद्दल काय काय टिपत असेल हा प्रश्न मुलंच विचारतात. नंतर एका आवृत्तीत नेहमी १ गुण द्या, दुसरीत १ ते १० मधला यादृच्छिक, म्हणजे आधी न ठरवलेला कुठलाही. कोणती पुन्हा खेळावीशी वाटते ते हात वर करून मोजा. रील का सोडवत नाही, यावर बोलायला याहून चांगली जागा नाही.

जतन करताना फाइलच्या नावात वर्ग, जोडी क्रमांक आणि तारीख. ‘नवीन’, ‘नवीन१’ आणि ‘शेवटचं’ या नावांना बंदी.

---

पणन तक्ते

निफाड तालुका म्हणताय, म्हणजे लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत दोन्ही बाजार जवळ. मग कांद्याच्या भावाचा आलेख करायला हवाच. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोज बाजार समितीनुसार आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर क्विंटलमागे मिळतात. हॉटस्पॉटवर एकाच संगणकावर उघडा आणि एका महिन्याचे आकडे मुलांना वहीत उतरवून घ्यायला सांगा. कांद्याची जात बघून घ्या. लाल आणि उन्हाळी कांदा एकाच रांगेत मिसळला तर आलेखाला अर्थ राहत नाही.

लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये (तक्ते आणि आलेख करायचा प्रोग्रॅम) रकाने पाच: तारीख, आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण. अंक इंग्रजी कळफलकावरूनच टाका. देवनागरी अंक किंवा आकड्यामागे ‘रु.’ लिहिलं की कॅल्क त्याला मजकूर समजू शकतं आणि बेरीज चुकते. ओळखायची खूण सोपी: आकडा उजव्या कडेला चिकटतो, मजकूर डाव्या. बाजार बंद असेल त्या दिवशी मुलं ० लिहितात आणि आलेख तळाला आपटतो. रकाना रिकामा सोडायला सांगा. ‘भाव शून्य’ आणि ‘लिलावच झाला नाही’ यात किती फरक आहे हे कांदा उत्पादकाच्या घरातल्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही.

आता मुख्य काम. समजा एका दिवशीचा सर्वसाधारण दर १४२० आणि आठवड्याने १५२० (आकडे उदाहरणापुरते). वाढ १०० रुपये, म्हणजे सुमारे ७ टक्के. स्तंभालेख काढा. उभ्या अक्षावर टिचकी मारून किमान ०, कमाल २००० ठेवा: दोन्ही स्तंभ जवळजवळ सारखे दिसतात. आता किमान १४००, कमाल १५५० करा: दुसरा स्तंभ पहिल्याच्या सहापट उंच. आकडे तेच, खोटं काहीच लिहिलेलं नाही. एका गटाला ‘भाव भडकले’ या मथळ्याची बातमी करायला सांगा, दुसऱ्याला ‘भाव स्थिर’. दोघांनी एकच तक्ता वापरायचा. मग तिसऱ्या गटाने दोन्ही बातम्यांखाली लिहायचं: अक्ष कुठून सुरू होतो, किती दिवस घेतले, किमान दर घेतला की सर्वसाधारण, माहिती कुठली.

हे एकदा स्वतः करून पाहिलं की टीव्हीवरचा आलेख दिसल्यावर मुलांची नजर आधी डाव्या कडेला जाते. तीन तासिका पुरतात.

---

कादवाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, सगळं वहीत उतरवून घेतलं. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्या जुन्या २ जीबीच्या संगणकावर नेमकं काय करावं? आणि मुलांच्या फिती पालकांना दाखवायच्या आहेत, यूट्यूबवर टाकाव्यात का?

---

कानोसा

जुन्या संगणकावर ऑडॅसिटी (आवाज कापायचा-जोडायचा प्रोग्रॅम) टाका आणि त्याला बातमीपत्राचा कोपरा करा. तीन मिनिटांचं बातमीपत्र म्हणजे मिनिटाला १२० शब्द धरून ३६० शब्द, सहा मुलांनी वाटून घ्यायचे. ध्वनिमुद्रण फोनवर करा, संगणकावर फक्त कापणी. खोलीत घुमतं तेव्हा दोन बाकांवर गोधडी टाकून त्याच्या आत बसवा. फरक पहिल्याच वाक्याला कळतो. फोन तोंडापासून एक वीत आणि थोडा बाजूला, समोर नको, नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ला फुंकर लागते. सुरुवातीला पाच सेकंद सगळ्यांनी गप्प राहायचं. तोच तुकडा निवडून ‘नॉइज रिडक्शन’ला खोलीच्या आवाजाचा नमुना म्हणून द्यायचा. कपात ६ ते १२ डेसिबल. जास्त केली तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. ट्रॅक मोनो (एकाच वाहिनीचा) ठेवा.

इथे एक चूक ठरलेली आहे. मुलं ‘सेव्ह’ करतात आणि ती फाइल घरी नेतात, ती फोनवर वाजत नाही. ती ऑडॅसिटीची कामाची फाइल असते. ऐकवायची फाइल ‘एक्स्पोर्ट’ करून एमपी३ घ्यावी लागते.

संगीत सिनेमातलं लावू नका. टाळ, ढोल, गोदेच्या पाण्याचा आवाज, बाजारातली बोली मुलांनीच टिपून आणावी. चित्र लागलं तर विकिमीडिया कॉमन्स या मोफत चित्रसाठ्यावरून, आणि शेवटी चित्राचं नाव, करणाऱ्याचं नाव, परवाना हे तिन्ही लिहायचंच. स्वतःच्या फितीखाली आपलं नाव हवं असं ज्याला वाटतं, त्याला दुसऱ्याचं नाव लिहायला सांगणं सोपं जातं.

यूट्यूबबद्दल: मुलांचे चेहरे, गणवेशावरचं शाळेचं नाव, हजेरीपटाची चौकट दिसत असेल तर नको. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि तिची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, असं म्हटलं आहे. शाळेनेही तीच शिस्त पाळावी: संमती लेखी, कोणती फीत, कुठे, किती दिवस हे स्पष्ट लिहून. माझं मत विचाराल तर शाळेच्या भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवा, पालकांना बोलवा. स्टॉप मोशनमध्ये चेहरे नसतातच, तेवढ्या हव्या तर टाका.

यावरच एक तासिका घ्या. फोनचं स्थान चालू ठेवून शाळेतल्या कडुलिंबाचा फोटो काढा आणि फोटोच्या ‘तपशील’मध्ये नकाशा दाखवा. तोच फोटो व्हॉट्सॲपवर एकदा फोटो म्हणून, एकदा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पहिल्यात स्थान निघून जातं, दुसऱ्यात तसंच राहतं. मग कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये स्थान कुठे बंद होतं ते प्रत्येकाने स्वतः शोधायचं. पैशाची फसवणूक झाली तर १९३० आणि मुलांसाठी मदत हवी तर १०९८, हे दोन क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवा.

---

कादवाकाठ

फार मोलाचं. शेवटचं एक: फाळक्यांसारखं रोप उगवताना टिपायचं म्हटलं तर मूग चालतील ना? आणि फोन चार दिवस कपाटात बंद ठेवला तर कुणाचा हात लागणार नाही, असं वाटतंय.

---

रीळ आणि भिंग

मूग उत्तम. रात्रभर भिजवलेले, ओल्या कापसावर, काचेच्या वाटीत, आणि मागे काळा कागद. दर ३० मिनिटांनी एक फोटो घेणारं टाइमलॅप्स ॲप लावा; चार दिवसांत १९२ फोटो, म्हणजे १६ सेकंद. दिवा चारही दिवस चालूच हवा. वीज गेली तेवढे फोटो काळे येतील, ते नंतर वगळा. पाणी सकाळ-संध्याकाळ ड्रॉपरने कडेने घाला, वाटी उचलायची नाही. खाली खडूने गोल आखून ठेवा.

बंद कपाटात मात्र नको. चार्जरला लावलेला फोन आणि दिवा मिळून आत उष्णता साठते, फोन तापून ॲप बंद पडतं, शिवाय बॅटरीलाही ते धोक्याचं. स्क्रीन फुटलेला जुना फोन मिळाला तर तोच वापरा, उघड्या फळीवर ठेवा, समोर दोरी बांधा आणि ‘चित्रीकरण चालू आहे’ अशी पाटी मुलांकडून लिहून घ्या.